धाव, रिम आणि मामेभावाची गाडी

कला शाखेच्या वार्षिकात टायरवर लेख पाहून प्राध्यापक मंडळी चष्मा पुसून पुन्हा अनुक्रमणिका पाहतील, याची मला कल्पना आहे. पण विषय वाटतो तितका परका नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात तिला आपल्या भाषेत ‘धाव’ असे सुरेख नाव आहे. लोहार ही धाव चाकाच्या घेरापेक्षा किंचित आखूड करतो, शेणींच्या जाळात तापवतो आणि ती फुगली की चाकावर बसवून वर पाणी ओततो. निवताना ती आवळते आणि आरे, पुठ्ठे सगळे घट्ट धरते. घेराचा हिशेब चुकला तर धाव सैल राहते, नाहीतर बसतच नाही. मोटारीच्या टायरचा हिशेबही घेरापासूनच सुरू होतो. मॅगव्हील घ्यायला गेलेला माणूस मात्र आधी नक्षी बघतो.

या हिशेबात मी शिरलो तो मामेभावामुळे. दादा शिवाजी पेठेत, निवृत्ती चौकापासून हाकेच्या अंतरावर राहतो. त्याने २०१८ सालची स्विफ्ट जुन्या बाजारातून घेतली. खालच्या श्रेणीची, लोखंडी डिस्कची. खरी दोन आसनांची स्पोर्ट्स कार आमच्या गल्लीत शिरली तर तिला मागेच घ्यावे लागेल. तेव्हा पेठेतल्या पोरांचा शर्यतीच्या गाडीचा शौक अशाच गाडीवर भागतो. कोल्हापूरला हे वेड तसे नवे नाही. मोहिते रेसिंग अकॅडमीचा ट्रॅक इथलाच आणि इथल्याच कृष्णराज महाडिकने २०१८ साली ब्रिटिश फॉर्म्युला थ्री मालिकेत गाडी पळवली. दादाचे म्हणणे सरळ होते : “सतरा इंचीच घालायची. अर्ध्या शिवाजी पुतळ्याजवळ गाडी उभी केली की माणसानं वळून बघितलं पाहिजे!” पैसे त्याने वर्षभर साठवलेले. गाडीत बसणार मामी, वहिनी आणि तीन वर्षांची पुतणी. म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

टायरच्या बाजूवर आकडे असतात. दादाच्या टायरवर होते १६५/८० आर १४. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टक्केवारी, म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत रबराची जी उंची, ती रुंदीच्या शेकडा ८०. ‘आर’ म्हणजे रेडियल. आतल्या दोऱ्यांची ही रचना मिशलँ कंपनीने १९४६ साली आणली. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो इंचात. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! ज्याने ही पद्धत रूढ केली त्याला आमच्या भूगोलाच्या सरांनी नक्कीच नापास केले असते.

आता गणित. १६५ चे ८० टक्के १३२. हे रबर वर आणि खाली दोन्हीकडे, म्हणून २६४. चौदा इंच म्हणजे ३५५.६. एकूण व्यास ६१९.६ मिलिमीटर. नवे चाक कितीही इंची घ्या, हा आकडा शक्यतो जागचा हलता कामा नये. कारण वेगाचा काटा चाकाचे फेरे मोजतो, रस्ता मोजत नाही. एका दुकानात १९५/६० आर १६ चा संच तयारच होता. त्याचा व्यास ६४०.४ भरतो, म्हणजे तीन टक्क्यांहून अधिक. जुन्या टायरवर काट्याने ८० दाखवताना जो वेग असे, त्यापेक्षा या टायरवर तो ताशी अडीच-पावणेतीन किलोमीटरने जास्त असतो. शिवाय इंजिनला चढावर जड जाते आणि टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याची भीती वेगळीच. तोच सोळा इंची रिम घेऊन १९५/५५ टायर लावला तर व्यास ६२०.९. फक्त पाचाचा फरक, पण गाडी मुळावर येते.

दादाच्या सतरा इंचीचे काय? २०५/४५ आर १७ चा व्यास ६१६.३. गणितात पास! दादा खूश झाला. पण इथेच आकडेमोड फसवते. व्यास राखून रिम मोठी केली, तर वाढलेली जागा रबराच्या उंचीतून कापली जाते. त्याच्या जुन्या टायरची उंची १३२ मिलिमीटर, या नव्याची जेमतेम ९२. चार सेंटिमीटर रबर गेले आणि त्या जागी धातू आला. गुळगुळीत ट्रॅकवर याचा फायदा असतो. वळणावर टायर कमी लवतो, स्टिअरिंगला झटकन जबाब मिळतो. पण आपला ट्रॅक कोणता? पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा खोल की उथळ ते वरून कळत नाही. तो खड्डा आधी रबराच्या उंचीने सोसायचा असतो. ती नसली की टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेंगरतो, बाजूला फुगा येतो किंवा रिमच वाकते. बाजूचा फुगा म्हणजे आतले दोर तुटले. त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. गगनबावड्याच्या घाटात गाडी भरलेली असताना असा टायर फुटणे म्हणजे काय, हे मी दादाला सांगायची गरज पडली नाही. मामीनेच सांगितले.

रिमचीही मापे असतात आणि ती टायरपेक्षा कमी बोलकी. स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. पोलोला पाच, म्हणून मित्राचा पोलोचा संच स्वस्तात मिळतो तरी उपयोग नाही. मधले भोक हबवर बरोबर बसले पाहिजे. स्विफ्टचा हब ५४.१ मिलिमीटरचा, तर बाजारातल्या पुष्कळ रिमांचे भोक ७३.१. मधली पोकळी भरायला कडे लागते, नाहीतर चाक मध्यावर बसत नाही आणि वेगात स्टिअरिंग थरथरते. कड्याला लांब जायला नको, आपल्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर अचूक कडे सहज कातून मिळेल. तिसरे माप ऑफसेट : रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिलिमीटर दूर. समजा हा आकडा ४५ चा ३५ झाला आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद घेतली, तर चाकाची बाहेरची कड सुमारे १६ मिलिमीटर बाहेर येते. गाडी दिसते रुबाबदार, बेअरिंगवरचा ताण मात्र वाढतो. घासते का हे रिकाम्या गाडीत पाहू नये. चार माणसे बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहावे.

मापाच्या पुढे आणखी एक आकडा नि अक्षर असते. ८५ म्हणजे त्या टायरला ५१५ किलो भार, ८८ म्हणजे ५६०. ‘टी’ म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, ‘एच’ म्हणजे २१०. कंपनीने दिले त्याहून खाली कधी उतरू नये.

कायद्याचेही पाहिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असे म्हटले. यावर उत्तर गाडीच्या माहितीपुस्तिकेतच होते. याच स्विफ्टच्या वरच्या श्रेणीला कंपनी १८५/६५ आर १५ देत असे. व्यास ६२१.५, उंची १२० मिलिमीटर. म्हणजे नवे माप शोधायचेच नव्हते. कंपनीने ते आधीच शोधून, चालवून पाहिलेले होते. दादाने दोन दिवस तोंड पाडले आणि मग पंधरा इंची, ८८ भाराचा संच घेतला.

जुने चौदा इंची चाक स्टेपनी म्हणून राहिले. व्यासात दोनच मिलिमीटरचा फरक असल्याने अडीअडचणीला पंक्चरच्या दुकानापर्यंत ते चालते. (स्टेपनी हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाक विकायला काढले. खुद्द इंग्लंडात हा शब्द मागे पडला, आपल्या गॅरेजात तो टिकला.) नव्या रिमचे नट वेगळे आले, तर स्टेपनीचे जुने चार नट डिकीतच ठेवावेत, निमुळत्या बैठकीचा नट गोल बैठकीच्या भोकात घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धरत नाही. आणि नवी चाके बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा एकदा, समोरासमोरच्या जोडीने, पान्याने आवळून घ्यावेत. दादाने ते रंकाळ्याच्या काठावर गाडी लावून केले.