‘पंधरा फुटांत काय होतंय?’

मे महिना आला की ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत मालवणच्या बॅगा भरल्या जातात. हल्ली बॅगांबरोबर एक सल्लाही जातो. तारकर्लीला एकदा स्कूबा केलेलं कुणीतरी गॅलरीत उभं राहून पोरांना सांगत असतं, “पंधरा फुटांत काय होतंय? भीती वाटली तर दम धरायचा आणि सरळ वर यायचं.” हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. या सल्ल्यात दोन चुका आहेत आणि दुसरी जिवावर बेतणारी आहे.

पहिली चूक उथळ पाण्याला निर्धास्त समजण्याची. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. चाळीच्या हिशेबात, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अंगणात उतरावं एवढं खाली गेलात की वरच्या दाबाच्या दुप्पट दाब. तो चौपट व्हायला मात्र आणखी सहा मजले खाली जावं लागतं. म्हणजे दाबाची पट सर्वांत झपाट्याने बदलते ती उथळ पाण्यातच. कान दुखायला लागतात तेही दीड-दोन मीटरवर.

दुसरी चूक दम धरण्याची. “मफतलाल बाथला आम्ही दम धरूनच बुडी मारायचो की!” असं उत्तर येतं. मारत होता, बरोबर आहे. पण तेव्हा वरची हवा छातीत भरून खाली जात होता. ती खाली आकसते आणि वर येताना पूर्ववत होते. स्कूबात हवा खालीच, तिथल्या दाबाची घेतलेली असते. 15 फुटांवर छातीत गच्च भरलेली 6 लिटर हवा वर पोचेपर्यंत पावणेनऊ लिटर व्हायला बघते. तोंड बंद ठेवलंत तर ती जाणार कुठे? फुप्फुसातले वायुकोश फाटतात, बुडबुडे रक्तात शिरतात आणि ते मेंदूत पोचले की माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. पंधरा फूट दूरच राहिले, ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ ही सुरक्षासंस्था यासाठी चार फुटांचा आकडा देते. चार फूट म्हणजे आपल्या गॅलरीच्या कठड्याएवढं पाणी!

बाकीचे गैरसमज पटकन. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, दाबून भरलेली साधी हवा असते; शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली विषारी ठरू शकतो. डुबकी उथळ होती म्हणून त्याच संध्याकाळी चिपीचं विमान पकडू नका. एका डुबकीनंतरही निदान 12 तास थांबावं, असं हीच संस्था सांगते. सर्दी असेल तर डुबकी पुढे ढकला, नाक चोंदलं की कानाचा दाब सुटत नाही. आणि सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ दिसणारं प्रवाळ हा दगड नाही. ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. फोटोसाठी तिच्यावर पाय टेकू नका.

होडीत बसण्यापूर्वी गाइडकडून हाताच्या खुणा नीट शिकून घ्या. खाली घाबरायला झालं तर त्याला खूण करा आणि त्याच्याबरोबर सावकाश वर या. श्वास मात्र एक क्षणही रोखू नका.