तळघरातल्या साडेचार कोटी बाटल्या

इटलीच्या तोस्काना प्रांतात, सिएना शहराच्या दक्षिणेला, डोंगरावर मोंताल्चिनो हे गाव आहे. आसपासच्या वाड्या धरून वस्ती जेमतेम सहा हजार. इथली ब्रुनेल्लो ही रेड वाइन फक्त सांजोवेझे द्राक्षांची. दुसऱ्या जातीचा एक थेंबही चालत नाही. तोडणीच्या वर्षानंतरचं पाचवं वर्ष उजाडेपर्यंत ती विकता येत नाही, आणि त्यातली किमान दोन वर्षं ती लाकडी पिंपांत मुरावी लागते. ‘रिझर्व्हा’ या खास प्रकाराला आणखी एक वर्ष.

आता हिशोब मांडू. वर्षाला साधारण ९० लाख बाटल्या होतात. २०२०च्या तोडणीची वाइन बाजारात आली ती जानेवारी २०२५मध्ये. त्याच्या आदल्या दिवशी गावाच्या तळघरांत २०२० ते २०२४ अशी पाच वर्षांची वाइन पडून होती. म्हणजे सुमारे साडेचार कोटी बाटल्यांचा माल, माणशी साडेसात हजार! मजुरी, पिंपं, कर्जाचं व्याज, सगळा खर्च आधीच झालेला, आणि विक्रीचा पैसा तोडणीपासून चार वर्षांहून लांब. एवढा मोठा धीर आख्ख्या गावाने धरावा, हे मला त्या वाइनच्या किमतीपेक्षा फार मोठं वाटतं.

आणि हे सगळं पिकतं किती जमिनीवर? मोंताल्चिनोचं मूळ क्षेत्र सुमारे ६० हजार एकर, त्यातलं निम्मं जंगल. ब्रुनेल्लोच्या बागा फक्त ५,२०० एकर. १९६०च्या दशकात तर त्या अडीचशे एकरही नव्हत्या. दक्षिणेला १,७३८ मीटर उंचीचा आमियाता डोंगर वादळं अडवतो. उत्पादनालाही मर्यादा आहे: हेक्टरी आठ टन, म्हणजे एकरी सव्वातीन. खाण्याच्या द्राक्षांचं एकरी आठ-दहा टन पीक घेणाऱ्या आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हा आकडा दुष्काळातला वाटेल. इथे मात्र रस दाट यावा म्हणून हिरवे घड मुद्दाम छाटून टाकतात.

इतक्या वर्षांची ही ठेव एका रात्रीत जाऊही शकते. डिसेंबर २०१२मध्ये जानफ्रांको सोल्देरा यांच्या इथल्याच काझे बासे या वाइनरीत एक माजी कामगार रात्री शिरला आणि त्याने पिंपांचे नळ उघडले. ६२,६०० लिटर वाइन गटारात गेली. बाटल्यांत मोजली तर ८३ हजारांहून जास्त. पण बाटल्या मोजून ते नुकसान कळत नाही. पिंपांत २००७पासून २०१२पर्यंतच्या सहा तोडण्या होत्या आणि त्या जवळजवळ सगळ्या संपल्या. पुढच्या शरदात, २०१३मध्ये, वेलींनी पुन्हा द्राक्षं दिली. नियमाप्रमाणे त्यांची वाइन ब्रुनेल्लो म्हणून जानेवारी २०१८च्या आधी विकता आली नसती.