रुमालातले कागद

उमापूर हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातले गाव. तिथल्या एका जुन्या वाड्यात, माळवदाखालच्या कोनाड्यात, लाल कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा होता. अशा गठ्ठ्याला दफ्तराच्या भाषेत 'रुमाल' म्हणतात. घरातल्या आजींनी तो आमच्यापुढे ठेवला. "गुरुजी, वाळवीनं खायच्या आत बघून घ्या. रद्दीवाला दोनदा येऊन गेला," असे त्या म्हणाल्या. आत मोडीतल्या पावत्या, निजामी मुद्रांकावरचे उर्दू खरेदीखत आणि घड्यांवर फाटलेला एक लांबट मोडी कागद निघाला. आमच्या एका विद्यार्थ्याने धूळ काढावी म्हणून त्या लांबट कागदावर ओला फडका फिरवला, आणि शेवटच्या दोन ओळी फडक्यावर आल्या. चूक त्याची नव्हती. आम्ही त्याला आधी सांगायला हवे होते.

सांगायचे ते शाईबद्दल. मोडी कागद बहुधा काजळीच्या शाईने लिहिलेले असतात. दिव्याची काजळी डिंकाच्या पाण्यात खूप वेळ घोटायची, की शाई तयार. काजळी म्हणजे कार्बन. हवेचा किंवा उजेडाचा त्याच्यावर परिणाम होत नाही, म्हणून दोनशे वर्षांनंतरही अक्षर काळेभोर दिसते. पण ही काजळी कागदात मुरत नाही, डिंकाच्या आधाराने वर बसून राहते. पाणी लागले की डिंक सुटतो आणि त्याच्याबरोबर अक्षरही.

अमेरिकेच्या पहिल्या राज्यकर्त्यांची पत्रे याच्या उलट आहेत. ती प्रामुख्याने मायफळ आणि हिराकस यांच्या शाईने लिहिलेली आहेत. मायफळातले टॅनिन आणि हिराकसातले लोह एकत्र आले, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की धाग्यांत मुरलेला काळा रंग तयार होतो. तो पाण्याने सहजी जात नाही. पण शाईतले आम्ल आणि लोह कागदालाच खातात. अक्षरे तपकिरी होतात आणि कधी कधी अक्षराच्या जागी भोक उरते.

हा फरक वर्गात दाखवता येतो. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळा व त्यात चिमूटभर हिराकस टाका. दुसऱ्या वाटीत काजळी आणि बाभळीचा डिंक घोटा. दोन्हींनी बोरूने लिहा आणि आठवडाभराने दोन्ही कागदांवर पाण्याचा थेंब व लिंबाच्या रसाचा थेंब टाकून बघा. पाण्याने कोणते लिखाण पसरते आणि लिंबाने कोणते फिके पडते, हे मुलांनाच सांगू द्या.

अमेरिकी पत्रे जमवणारे मुख्यतः सही शोधतात. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ५६ जणांच्या सह्या आहेत. त्यांतला बटन ग्विनेट १७७७ मध्ये द्वंद्वयुद्धात मेला. त्याच्या सह्या फार थोड्या उरल्या, म्हणून त्यांना अफाट किंमत येते. आपल्याकडे सहीच्या मागे लागणाऱ्याची निराशा होईल. मराठी राजपत्र लिहितो कारकून. माथ्यावर मुद्रा उठते आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' ही मोर्तबाची लहान मुद्रा असते. गावच्या महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, तर लिहिता न येणारेही हजर असतात. पाटलाच्या नावापुढे नांगर, न्हाव्याच्या नावापुढे आरसा. आम्हाला या निशाण्या सहीपेक्षा जास्त बोलक्या वाटतात.

काळ ओळखायचा तर जुन्या पत्रांत बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. 'अर्बा सितैन मया व अलफ' म्हणजे ४ + ६० + १०० + १०००, एकूण ११६४. हा सन मृगाला सुरू होतो. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. मग ११६४ चा पावसाळा म्हणजे इ. स. १७६३. त्याच वर्षी १० ऑगस्टला याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठच्या राक्षसभुवनला, माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. बनावट कागद पुष्कळदा इथेच सापडतो, कारण सन एका पिढीचा आणि त्यात नाव दुसऱ्या पिढीतल्या माणसाचे!

असले कागद घरोघर हिंडून गोळा करण्याची वाट वि. का. राजवाडे यांनी घालून दिली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, तोही पानिपतच्या काळातल्या पत्रांचा. पुढे १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले.

मराठवाड्यात मात्र हे कागद इतिहासकारांपुरते राहिलेले नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन नोंदींत 'कुणबी' हा शब्द शोधायचे काम सुरू झाले, आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे किती थोडी उरली आहेत ते सगळ्यांच्या ध्यानात आले. एका शब्दावर एखाद्या घराचा दाखला अवलंबून असेल, तर तो शब्द पुसला जाणे किंवा मागाहून घातला जाणे ही किरकोळ बाब नाही. काजळीची शाई पुसायला सोपी आहे, हे इथे विसरून चालत नाही.

आजींच्या रुमालाला आम्ही पुन्हा पाणी लागू दिले नाही. कागद मऊ, कोरड्या ब्रशने झाडले, घड्या जबरदस्तीने उलगडल्या नाहीत, चिकटपट्टी लावली नाही. सावलीत प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले आणि धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या सुती कापडात रुमाल बांधून त्यांच्या घरीच ठेवला. ७५ वर्षांहून जुना आणि ऐतिहासिक मोलाचा कागद १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो, तो खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही त्यांना सांगितले. लांबट कागद महजर होता. पुसलेल्या ओळींत साक्षीदारांची नावे होती. त्यांतली वाचता येते अशी एकच खूण शिल्लक आहे, डाव्या कडेला, नांगराची.