रुंद रस्ता आणि रिकामा रकाना

राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाचा प्रस्ताव आला की त्याचा आर्थिक हिशेब तत्परतेने मांडला जातो. प्रवासाचे किती तास वाचतील, इंधन किती कमी जळेल, हे सारे रुपयांत सांगितले जाते. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने माझा त्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या हिशेबातील एका रिकाम्या रकान्याला. रस्त्यालगतच्या माणसांच्या कानांवर जे आदळणार, त्याची किंमत बहुधा कोणत्याच बाजूस लिहिलेली नसते. व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्याच माणसावर पडणाऱ्या अशा भाराचे विवेचन पिगू यांनी १९२० सालीच केले होते.

पर्यावरणविषयक अहवालात आवाजाचे प्रकरण असते, हे खरे. परंतु त्यातील आकडे सामान्य वाचकाला चकवितात. डेसिबल हे माप फूटपट्टीसारखे सरळ चढत नाही. वाहने दुप्पट झाली की आवाज सुमारे ३ डेसिबलने वाढतो. वाहतूक ४० मीटरवरून २० मीटरवर आली की आणखी सुमारे ३. समजा, आज एखाद्या वर्गात ६२ डेसिबल आहेत, तर उद्या ६८ होतील. वाचणारा म्हणेल, वाढ जेमतेम दहा टक्के! वस्तुतः ध्वनीची ऊर्जा चौपट झालेली असते. शिवाय हे आकडे सरासरीचे. रात्री दोन वाजता कर्णा वाजवीत गेलेली मालमोटार त्या सरासरीत बरीचशी विरून जाते; माणसाची झोप मात्र सरासरीने मोडत नाही.

२००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शांतता क्षेत्रात ती ५० व ४०. पण मोजणार कोण? २०१३ साली नियम शिथिल झाल्यापासून १०० किलोमीटरच्या आतील रुंदीकरणाला सर्वसाधारणपणे पर्यावरणाची पूर्वमंजुरीच लागत नाही.

माझ्या महाविद्यालयाच्या खिडकीखालून असाच एक महामार्ग जातो. मागच्या बाकांसाठी मी प्रत्येक व्याख्या दोनदा उच्चारतो. खिडक्या लावाव्यात तर एप्रिलमध्ये जीव घुसमटतो. मागे एकदा मोजणीचे पथक आले, तेही दिवाळीच्या सुटीत! रस्ता मोकळा झाल्यावर कर्णे कमी वाजतील, हा युक्तिवाद मी नाकारीत नाही. पण वेग वाढला की चाकांचाच घोष वाढतो, हेही सांगितले पाहिजे.

पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्ग ४४ वर वन्यप्राण्यांसाठी भुयारी मार्ग झाले, काही ठिकाणी आवाज अडविणारे पडदेही उभे राहिले. वाघाचा हेवा करण्याचे कारण नाही. मात्र शाळेच्या खिडकीशी, भर सत्रात आणि वसतिगृहाशी मध्यरात्री मोजणी व्हावी. तिचे आकडे निविदेपूर्वी ग्रामसभेत मराठीत वाचले जावेत. आणि पडद्यांचा खर्च रस्त्याच्याच खर्चात धरला जावा. झाडांची एकच ओळ लावून हे भागणार नाही. तिने धूळ थोडीफार अडते, आवाज जवळजवळ नाही.