एसएसएच : लॉगिन नेमके कुठे अडते?

दूरच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन होत नसेल, तर पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसू नये. गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली ते आधी पाहावे. पुण्याच्या आयसरमधील ‘परम ब्रह्म’सारखा महासंगणक वापरणारा संशोधक सुटीत मूल गावच्या घरून काम करतो, तेव्हा यंत्र आणि तो यांच्यात रात्रभराच्या प्रवासाचे अंतर असते. हाताशी असतो तो फक्त संदेश.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून उत्तरच आले नाही. बहुधा फायरवॉल आडवी आलेली असते, कारण अनेक संस्था आपल्या आवारातून किंवा व्हीपीएनवरूनच प्रवेश देतात. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे नकार मिळाला: बावीस क्रमांकाच्या पोर्टवर सेवा सुरू नाही, किंवा वारंवार चुकणारे पत्ते अडवणाऱ्या फेल-टू-बॅन प्रोग्रामने तुमचा आयपी पत्ता रोखला आहे. मोबाइल इंटरनेटवर अनेक ग्राहकांचा बाहेरचा आयपी पत्ता एकच असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या चुकीच्या प्रयत्नांचा फटका निरपराध माणसालाही बसू शकतो.

सर्व्हरची ओळख बदलल्याचा इशारा आला, तर जुनी नोंद लगेच पुसू नये. यंत्र नव्याने बसवले आहे का, हे व्यवस्थापकाला फोनवर विचारून सर्व्हरच्या कीचा ठसा (फिंगरप्रिंट) जुळवावा.

खरी डोकेदुखी ‘परमिशन डिनाइड’ची. टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच लिहिले तेच हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेल्यावर. तेव्हा सर्व्हर अनोळखी माणसाला नकाराचे कारण सांगत नाही, हे योग्यच आहे. कारण लॉगमध्ये असते: उबुंटू व जुन्या डेबियनवर बहुधा ‘ऑथ डॉट लॉग’, रेड हॅट कुळात ‘सिक्युअर’. एसएसएच-की बरोबर असूनही नकार येतो, तेव्हा दोष बऱ्याचदा परवानग्यांचा निघतो. ‘डॉट एसएसएच’ फोल्डरला ७०० आणि ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलला ६०० ठेवावी. होम फोल्डरमध्ये गटाला लिहिण्याची मुभा असली तरी सर्व्हर की नाकारतो, आणि हे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. रेड हॅट कुळात एसई-लिनक्सचे लेबलही तपासावे. २०२१ च्या ओपन-एसएसएच ८.८ पासून एसएचए-१ वर आधारलेली आरएसए स्वाक्षरी मूळ मांडणीत बंद आहे. म्हणून जुन्या प्रोग्रामचे लॉगिन सर्व्हर अद्ययावत होताच थांबते.

घड्याळही पाहावे. कर्बेरॉस ही ओळख पडताळणारी प्रणाली सहसा पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालवून घेते, तर ॲपमधील ओटीपी दर तीस सेकंदांनी बदलतो. वीज जाऊन आल्यावर घड्याळ मागे पडले, तर बिनचूक पासवर्डही निरुपयोगी ठरतो.

लॉगिन होऊन लगेच बाहेर फेकले जात असेल, तर खात्याची मुदत, शेल आणि डिस्कवरील जागा पाहावी.

दुरुस्ती करताना एक पथ्य कटाक्षाने पाळावे. एसएसएचच्या सेटिंगमध्ये बदल केल्यावर ‘एसएसएचडी’ला ‘टी’ पर्याय देऊन फाइल तपासावी, सेवा पुन्हा सुरू करावी आणि दुसऱ्या खिडकीतून नवे लॉगिन यशस्वी होईपर्यंत चालू सत्र बंद करू नये.