देवळालीचा ताप

आमच्या कांदिवलीच्या इमारतीत सुट्टी लागली की निदान एक तरी गुजराती कुटुंब हवापालटासाठी देवळालीला निघते. इगतपुरीच्या पुढे, नाशिक रोडच्या अलीकडे उतरायचे, सॅनिटोरियममध्ये आठ दिवस राहायचे आणि तजेलदार होऊन परतायचे. याच गावाच्या नावाने इंग्रज लोक वेड्याला ओळखतात, असे सांगितले तर शेजारच्या बांना ते खरे वाटायचे नाही!

पण आहे खरे. डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजी बोलीत 'डुलॅली' म्हणतात. मूळ प्रयोग 'डुलॅली टॅप'. डुलॅली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप.

१८६१ साली देवळालीला गोऱ्या फौजेचा तळ पडला. नोकरीची मुदत संपलेल्या शिपायांना मायदेशी धाडण्यापूर्वी इथे आणून ठेवत. पण फौजेची जहाजे हिवाळ्याच्या हंगामातच सुटत. तो हंगाम हुकला की पुढचे कित्येक महिने मुक्काम देवळाली! हाताला काम नाही. सोबतीला ऊन, हिवताप आणि दारू. कुणी भांडणे उकरून कोठडीत गेला, कुणी खरोखरच भ्रमिष्ट झाला. फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत या तळावरच्या रिकामपणाबद्दल लिहून ठेवले आहे. गंमत अशी, की ज्या घरासाठी हे शिपाई झुरत, त्या घरासाठीचा त्यांचा लाडका शब्दही इथलाच. आपल्या 'विलायती'चे त्यांनी 'ब्लायटी' केले होते.

पुढे फौज गेली, 'टॅप' गळून पडला, उरला तो थट्टेचा शब्द. आज तो वापरणाऱ्या कित्येकांना देवळाली नावाचे गाव आहे, हेही ठाऊक नसेल.

पण इंग्रजांना कशाला हसायचे? "याला आता ठाण्याला पाठवा," असे आपण किती सहज म्हणतो! पुण्याकडे त्याच चालीवर येरवड्याचे नाव निघते. मनोरुग्णालय असलेल्या गावाची आपणही शिवीच केली. बरे होऊनही घरचे कुणी न्यायला येत नाही म्हणून अशा रुग्णालयांतच दिवस काढणारी माणसे आपल्या राज्यात आहेत, हे त्या विनोदाच्या वेळी कुणाला आठवते?

देवळालीच्या शिपायांचे जहाज उशिरा का होईना, हिवाळ्यात येत तरी होते.