शक्तिपीठ महामार्ग: पारावरचं बोलणं आणि कागदावरचं

नाव नागपूर–गोवा, पण रस्ता नागपुरातून निघतच नाही. शक्तिपीठ महामार्गाची आखणी वर्धा जिल्ह्यातल्या पवनारपासून सुरू होते आणि सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला संपते. मूळ आखणीत अंतर सुमारे 802 किलोमीटर, जिल्हे 12. नागपूरकरांनी समृद्धी महामार्गाने वर्ध्यापर्यंत यायचं आणि इथून वळायचं. नाव त्यांचं, शून्य किलोमीटर आपलं. त्यामुळे पानठेल्यापासून तहसील कचेरीपर्यंत या रस्त्याबद्दल सगळ्यांनाच सगळं माहीत असतं. त्यातलं बरंचसं अर्धवट असतं.

हा केंद्राचा रस्ता, अशी एक समजूत. तसं नाही. तो राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा, म्हणजे एमएसआरडीसीचा प्रकल्प आहे आणि भूसंपादन महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955 खाली होतं. समृद्धीचंही त्याच कायद्याखाली झालं. राष्ट्रीय महामार्गाच्या कार्यालयात अर्ज नेऊन देणाऱ्याचा दिवस वाया जातो, एवढाच अर्थ.

‘अधिसूचना निघाली, म्हणजे वावर गेलं.’ हेही खरं नाही. अधिसूचनेनंतर हरकती, मग संयुक्त मोजणी, मग मूल्यांकन, मग मोबदला आणि त्यानंतर ताबा. मधल्या काळात सातबारा तुमच्याच नावाचा असतो. हरकतींना काडीची किंमत नसते म्हणणाऱ्यांनी कोल्हापूर आठवावं. मार्च 2024 मध्ये निघालेली अधिसूचना त्या जिल्ह्यापुरती ऑक्टोबर 2024 मध्ये मागे घेतली गेली. निवडणूक तोंडावर होती हे खरं. पण नुसत्या निवडणुकीने ते झालं नसतं, आधी लोक रस्त्यावर आले होते. तिथलं प्रकरण पुढं पुन्हा उघडलं, हेही लक्षात ठेवावं.

सगळ्यात जास्त घोळ पैशाचा. ‘समृद्धीला पाचपट मिळाले’ हे वाक्य सेलू तालुक्यात कुणीही सांगेल आणि ते खोटं नाही. फक्त पाचपट कशाच्या, ते सांगायचं राहून जातं. बाजारभावाच्या नव्हे. आधी जमिनीचा मूळ दर ठरतो: रेडी रेकनरचा दर, किंवा आसपासच्या गेल्या तीन वर्षांच्या खरेदीखतांपैकी चढ्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यातला जो जास्त तो. समजा तो एकरी 4 लाख निघाला. ग्रामीण भागासाठी गुणक 2 धरला तर 8 लाख. त्यावर तेवढाच दिलासा, म्हणजे 16. समृद्धीत थेट खरेदीने जमीन देणाऱ्याला आणखी 25 टक्के मिळाले, म्हणजे 20. हे ते पाचपट. 2021 मध्ये राज्याने महामार्गांसाठीचा गुणक 2 वरून 1 वर आणला. आता तेच गणित करून बघा, 20 चे 10 होतात. म्हणून अधिकाऱ्याला ‘किती पट?’ विचारण्याऐवजी ‘मूळ दर किती धरला आणि गुणक किती?’ असं विचारावं. गावोगाव खरेदीखतं कमी किमतीची करायची आपली जुनी सवय मूळ दर खाली ओढते, ते वेगळंच.

विहीर, पाइपलाइन, झाडं, गोठा यांचं मूल्यांकन जमिनीहून वेगळं होतं. मात्र ते संयुक्त मोजणीच्या कागदावर यावं लागतं. भूमी अभिलेखचा माणूस बांधावर उभा असताना घरचा कुणी हजर नसेल आणि विहिरीची नोंद सातबाऱ्यावर नसेल, तर ती सुटू शकते. ओलिताचं वावर कोरडवाहू लिहिलं गेलं तर मूळ दरच बदलतो. मोर्चाला जा किंवा जाऊ नका, मोजणीला जा.

‘विरोध कोल्हापूर-सांगलीचा, विदर्भाला रस्ता हवाच आहे.’ बातम्यांमधून तसं वाटतं खरं. पण 12 मार्च 2025 ला आझाद मैदानावरच्या मोर्चाची हाक बाराही जिल्ह्यांना होती. इथला सूर मवाळ आहे, याचं कारण माझ्या मते शक्तिपीठांची भक्ती नाही. समृद्धीचे धनादेश इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेत. ‘त्या भावानं द्या, मग घ्या’ म्हणणारा शेतकरी समर्थकांतही मोजला जातो आणि विरोधकांतही. 24 जून 2025 ला मंत्रिमंडळाने 20,787 कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली, तरी त्याच्या या अटीचं उत्तर त्या आकड्यात नाही.

आणि ‘रस्ता आला की गावाची सोय’? समृद्धीवर दुचाकी आणि तीनचाकीला मनाई आहे. चढायचं तर येळाकेळी किंवा विरूळसारख्या इंटरचेंजवरून, वाटेल तिथून नाही. शक्तिपीठही तसाच प्रवेश-नियंत्रित, सहापदरी रस्ता असणार आहे. कापसाची बैलबंडी त्यावर चढणार नाही. तिला पलीकडच्या वावरात जायला खालून बोगदा कुठं आहे, हा प्रश्न आखणीचा नकाशा समोर असतानाच विचारायचा असतो.

राहिली मुदत, आणि तिचा अंदाज इथल्या रेल्वेवरून बांधावा. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्ग 284 किलोमीटरचा, 2008-09 च्या अर्थसंकल्पातला. त्यातल्या वर्धा–देवळी–कळंब या सुमारे 39 किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन 28 फेब्रुवारी 2024 ला झालं. ‘दोन वर्षांत रस्ता होतो बघा’ असं कुणी पैजेवर सांगू लागला, तर इंटरचेंजजवळ त्याचा प्लॉट विकायचा बाकी आहे का, याची आधी चौकशी करावी.